तळाची पट्टी

नाही, ते वाक्य पुन्हा वाच — "प्रोफेसर हाजिएव्ह यांनी १९८५ साली ही पट्टी सर्वप्रथम पाहिली" — पाहिली म्हणे. बिलियाना, तुझ्या वडिलांनी ती पाहिली नाही गं, त्यांनी ती कापायला लावली. कात्री माझ्या हातात होती, मला नाही माहीत तर कुणाला? कॉफी घे, गार होतेय. आणि अंजिराचा मुरंबा तसाच ठेवू नकोस, मी रागावलेय ते वेगळं. गौरवग्रंथ काढा, प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्या, माझी काही हरकत नाही — आहे, हरकत आहे, चांगली सणसणीत आहे, म्हणून तर मघापासून बोलतेय.

तू वकील, तुला पट्टी म्हणजे काय हेच ठाऊक नसणार. आणि तशीच आलीस माझी प्रयोगांची वही मागायला. ऐक. जनुकं पेशीच्या गाभ्यात बसलेली असतात, जागची हलत नाहीत. त्यांचा निरोप पोचवायला बाहेर पडतो तो एक आरएनए. बाहेर ज्या कारखान्यात तो निरोप वाचून प्रथिन बनवतात, तो कारखानाही बराचसा आरएनएचाच — ते मोठे, दांडगे. आम्हाला एवढंच शिकवलेलं. बाकी बारीक तुकडे म्हणजे कचरा. आणि तोच कचरा, पोरी, निरोप्याला वाटेत गाठतो, अक्षराला अक्षर लावून त्याला चिकटतो आणि त्याचे तुकडे करवतो. जनुक जागेवर आहे, निरोप निघालाय, तरी प्रथिन नाही — कुणाचं किती चालू द्यायचं, ते हे वीस-पंचवीस अक्षरांचे चिमुरडे ठरवतात. विषाणूचा निरोपही असाच फाडतात. आमच्या प्रयोगातल्या मिरचीची खालची पानं करपायची आणि वरची नवी हिरवीगार यायची, पुन्हा तोच विषाणू चोळला तरी ढिम्म. का, का, म्हणून तुझे वडील दहा वर्षं डोकं खाजवत होते. आणि त्या 'का'चं उत्तर मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

कसं सापडलं? वीज गेली म्हणून. त्या हिवाळ्यात दोन तास वीज, दोन तास अंधार, आठवतंय का तुला — कशाला आठवेल, पाळण्यात होतीस. आरएनए जेलीच्या पाटातून विजेवर खाली सरकतो, मोठे मागे रेंगाळतात, लहान पुढे पळतात. रोज आम्ही इतका वेळ चालवायचो की लहान पार खालून निघून पाण्यात जायचे — कुणाला हवे होते? त्या दिवशी मध्येच वीज गेली. म्हटलं, असू दे, आहे तिथेच थांबवू. जेलीचा ठसा फिल्मवर घेतला, फिल्म धुतली तर त्या सावरलेल्या मिरचीच्या रांगेत अगदी तळाशी एक बारीक, रेखीव पट्टी. धावत नेली. त्यांनी खिडकीपाशी धरली, अर्धं मिनिट बघितली आणि म्हणाले, "झद्रावका, हातमोजे घातले होतेस ना?"

हातमोजे. एक जोडी महिनाभर पुरवायचो आम्ही, धुऊन खोली तापवायच्या रेडिएटरवर वाळत घालायची, आत टाल्क पावडर. बोटाचा घाम लागला की आरएनएचा चुरा होतो, हे का मला माहीत नव्हतं? मीच तर नव्या मुलींना ओरडायचे. आणि मलाच ऐकवलं की हा तुझ्या बोटांचा प्रताप. अख्ख्या संस्थेत नावच पडलं — मळक्या हातांची झद्रावका. आठ मार्चला, महिला दिनाला, सगळ्या बायकांना फुलं मिळाली आणि मला फुलांसोबत साबण. हसले सगळे. तुझे वडीलही हसले.

अगं पण चुरा झाला असता तर आधी मोठे मोडले असते ना? वरपासून खालपर्यंत नुसता फराटा दिसला असता. मोठे तर जागच्या जागी, ठसठशीत. आणि शेजारच्या रांगेत निरोगी झाडाचा आरएनए — तोही माझाच, याच हातांनी काढलेला — तिथे पट्टी नाही. माझे हात काय फक्त एका रांगेपुरते मळके होते? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, स्पष्ट सांगितलं, म्हणजे — सांगायला गेले होते. दारापर्यंत. आत घरांची यादी पडली होती टेबलावर. संस्थेच्या वाट्याला आलेले चार फ्लॅट, आणि समितीवर कोण? हेच. मी, नवरा, सासू, दोन पोरं, एका खोलीत. ते म्हणाले, "वहीत नीट नोंद कर म्हणजे विषय संपला," आणि यादी जराशी सरकवली. कधीच काही वेडंवाकडं बोलले नाहीत.

बघतेस काय भिंतींकडे? हो, हाच तो फ्लॅट.

चौदा वर्षांनी परदेशात कुणाला तरी तीच पट्टी दिसली, जगभर गाजली. त्या दिवशी तुझे वडील जिन्यात भेटले, मान खाली घालून निघून गेले. चिडले मी, अजून चिडलेलीच आहे, त्यांच्यावर चिडते म्हणजे स्वतःवर चिडायला वेळ उरत नाही. — फिल्मचा कापलेला तुकडा? तो त्याच दिवशी कचऱ्यात गेला. वही मात्र आहे. पुरावा हवा होता ना तुला? ही घे. चौऱ्याऐंशीवं पान. वाच, मोठ्याने वाच — बरं, मी वाचते. "तळाशी दिसणारी पट्टी खरी नाही. माझ्या निष्काळजीपणामुळे झालेला चुरा. झद्रावका मिनेवा." अक्षर माझं, सही माझी.

छाप आता. त्यांनी पाहिली नाही, आणि मी पाहिली, ती 'खरी नाही' म्हणून लिहून दिली. इथे रडू नकोस, वही भिजेल. बूट दाराशी आहेत. जा.