नदी उतरली त्या दिवशी

समारंभाचे अध्यक्ष माननीय संचालक साहेब, व्यासपीठावर बसलेले दोन्ही देशांचे मान्यवर, समोरचे माझे सहकारी, आणि ज्यांच्यामुळे आपण सगळे इथे जमलो आहोत त्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई,

मी उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. भाषणाची सवय नाही. मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. दोनाचे चार झाले तर साहेबांनी घंटी वाजवावी, मी थांबेन की नाही ते मात्र सांगता येत नाही.

बाईंनी एकवीस वर्षं आपल्या नदीकेंद्रावर पाण्याची पातळी मोजली. आम्ही त्यांना मोजपट्टीबाई म्हणायचो, तोंडावर नाही अर्थात. दोन देशांच्या संयुक्त पूरसंशोधनात आपलं केंद्र वरचं, शेजारच्या देशाचं खालचं. तिथे एक निरीक्षक होते. बाई त्यांना भाऊ म्हणायच्या. रोज सकाळी आठला दोन केंद्रांमधल्या थेट फोनलाइनवर आकडे सांगायचे, मग एकमेकांच्या घरचं विचारायचे. एकवीस वर्षांत दोघांनी एकमेकांना एकदाही पाहिलं नव्हतं.

मग कराराची मुदत संपली. नूतनीकरण अडलं. कशावर अडलं, ठाऊक आहे? अहवालाच्या मुखपृष्ठावर आधी कोणत्या देशाचं नाव छापायचं यावर. चार वर्षं. तोवर आकडे द्यायचे नाहीत, बोलायचं नाही, असा आदेश आला. लाइनची जोडणी मीच माझ्या हातांनी काढली.

अशातच एके दिवशी सकाळी साडेअकराला, भर पुराच्या दिवसांत, नदी अर्ध्या तासात दीड मीटर उतरली. आम्ही खूश झालो. बाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. म्हणाल्या, "अरे, पाऊस थांबलेला नाही आणि पाणी उतरतंय. वर कडा कोसळून नदी अडलीय. तो बांध फुटला की खाली भाऊंचं गाव जाईल."

त्यांनी वरिष्ठांना फोन केला. उत्तर मिळालं, "लेखी पाठवा. विचारून कळवतो." बाईंनी लेखी पाठवलं. वीस मिनिटं वाट पाहिली. मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी जोडणी परत बसवली.

"भाऊ, नदी उतरली."

"किती?"

"दीड मीटर. अर्ध्या तासात."

मग ते म्हणाले, "ताई, हे तुमचं सरकार सांगतंय की तुम्ही?"

"मी सांगतेय. माणसं हलवा."

शाळा भरलेली होती, बाजार भरलेला होता. भाऊंनी स्वतः रस्त्यावर उतरून लोकांना टेकडीवर नेलं. चार वाजता पाणी आलं. बाजार गेला, शाळेची इमारत गेली. माणूस एकही गेला नाही.

आपल्या कार्यालयाची परवानगी नवव्या दिवशी आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पाठोपाठ चौकशी आली. परक्या देशाला माहिती पुरवली, हा आरोप. बाई मला म्हणाल्या, "खरं तेच लिही. फोन मी केलाच होता ना?" मी जबाबात लिहिलं, फोन बाईंनी केला. जोडणी कोणी बसवली ते लिहिलं नाही. मला कोणी विचारलं नाही, आणि बाईंनी चौकशीत माझं नाव घेतलं नाही. त्यांच्या सेवापुस्तकात ताशेरा बसला, बदली आवक-जावक विभागात झाली. तीन वर्षं त्यांनी पाकिटांवर शिक्के मारले. त्या खोलीला नदीच्या बाजूला खिडकीसुद्धा नाही.

आणि आज? करार पुन्हा झाला, आनंद आहे. तुमच्या सगळ्यांच्या हातात ती गुळगुळीत स्मरणिका आहे. पान चार उघडा. 'दोन्ही शासनांच्या तत्पर समन्वयामुळे संपूर्ण गाव वाचले.' कोणाच्या समन्वयामुळे? आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ऐकलं होतं. तो बिळाच्या मालकिणीला पुष्पगुच्छ देतो हे आज पाहिलं. संचालक साहेब, 'लेखी पाठवा' म्हणणारे आपणच होतात. आणि ते भाऊ आज सहा तासांचा प्रवास करून आलेत, तिसऱ्या रांगेत कडेला बसलेत. व्यासपीठावर त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती.

साहेब, मी आज सकाळी नवा जबाब लिहून आपल्या टेबलावर ठेवलाय. जोडणी मी बसवली, आदेश मीही मोडला. बाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी अडवलं असतं. त्या आज साडेपाचला निवृत्त होतात. तोवर ताशेरा काढायचा अधिकार आपल्याकडे आहे. काढायचा नसेल तर माझ्याही पुस्तकात तसाच लिहा.

आपण शांतपणे ऐकलंत, आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर क्षमा मागायची रीत आहे. व्यासपीठाची मी मागत नाही. बाई, तुमची मागतो. तीन वर्षं उशीर झाला.