पुलाच्या अलीकडे

टॅली : नाही आजोबा, मी पुलावर गाडी घालणार नाही. आधी सीटमागची ती रायफल बाहेर काढा.

वेंडेल : अगं, त्या रायफलीनं तुझं काय घोडं मारलंय? तुझ्या आईच्या जन्माआधीपासून ती तिथेच असते. गाडीबरोबर आलीय म्हण ना!

टॅली : गाडी तुमची ही चौथी आहे.

वेंडेल : म्हणजे गाड्या गेल्या, ती टिकली. बघ की! चल, दाब तो पेडल. स्पर्धेत पहिली पाळी तुमच्याच शाळेची आहे.

टॅली : म्हणून तर सांगते. ती सीटमागून काढायची असं काल मी गोठ्यापाशी बोलले होते ना? तुम्ही हो म्हणालात.

वेंडेल : मी हो म्हणतो तेव्हा ऐकत नसतो, हे तुझ्या आजीला चाळीस वर्षांत कळलं. तुला कधी कळणार?

टॅली : आजोबा, हसू नका. नदीच्या या काठाला आयडाहो आहे. इथे सीटमागे भरलेली रायफल ठेवली तरी कुणी वळून बघत नाही. त्या काठाला वॉशिंग्टन. तिथे गाडीत भरलेली रायफल सापडली तर गुन्हा होतो. आणि गाडी चालवतेय मी. सतरा वर्षांची.

वेंडेल : भरलेली कोण म्हणतं? रिकामी आहे ती. आणि तुझी शॉटगन नाही का मागे? ती चालते, मग हिलाच काय काटे आहेत?

टॅली : माझी शॉटगन रिकामी आहे, पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे आणि काडतुसं वेगळ्या डब्यात. मी अठराच्या आतली. त्या राज्यात मला एरवी बंदूक बाळगताच येत नाही. स्पर्धेला जाताना आणि स्पर्धेहून येताना रिकामी नेता येते, तेवढी मोकळीक दिलीय. आता मातीच्या तबकड्या फोडायच्या स्पर्धेत कोल्हे मारायची रायफल कशाला, असं कुणी विचारलं तर काय सांगू?

वेंडेल : सांग, म्हातारा हट्टी आहे.

टॅली : ते त्यांना दिसेलच.

वेंडेल : बरं, ऐक. पलीकडे उतरलो की माझ्या त्या दोस्ताच्या, क्लाइडच्या दारात जरासं थांबू. त्याला तुझी शॉटगन दाखवायचीय. गेल्या वर्षी म्हणत होता, मुलीच्या खांद्याला तो धक्का झेपणार नाही. तोंड बघायचंय मला त्याचं.

टॅली : थांबायचं नाही.

वेंडेल : दारात गं. त्याची बायको हकलबेरीच्या रानफळांचा केक करते. एक तुकडा खायचा आणि निघायचं.

टॅली : जाताना आणि येताना, एवढंच म्हटलंय. मध्ये क्लाइडच्या अंगणात मिरवणूक काढा, असं कुठे लिहिलेलं नाही.

वेंडेल : हा कायदा आहे की सासूबाई?

टॅली : केक तुम्ही परत कधीतरी एकटे येऊन खा. माझ्या नावाला आज एवढासा डाग लागला तर मी संघाबाहेर. कॉलेजात जागा मिळणार आहे ती नेमबाजीवर. आईच्या दवाखान्यातल्या पगारात ते कॉलेज होत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

वेंडेल : ठाऊक आहे, बाई.

टॅली : मग?

वेंडेल : मग काय! मला एक सांग, हे सगळं तुला शिकवलं कुणी? तुमच्या त्या प्रशिक्षकाला तर स्वतःच्या बुटाची नाडी सापडत नाही.

टॅली : सुरुवात तुम्हीच केलीत. बाराव्या वर्षी तुमच्या बंदुकीच्या वर्गात बसले होते. पुढचं वाचलं. आपल्याकडे आईनं लिहून द्यावं लागतं, ते दिलंय तिनं. तिकडे काय लागतं ते वेगळं. एकाचं दुसरीकडे चालत नाही. शेरीफच्या पोलीस कचेरीत फोन करूनही विचारलं, कारण वाचून सगळंच कळतं असं नाही.

वेंडेल : फोन केलास? आपणहून?

टॅली : न विचारता चुकण्यापेक्षा विचारून वेडं ठरलेलं बरं.

वेंडेल : वा गं पोरी! या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना मी बंदूक धरायला शिकवली. कुणी खांदा फोडून घेतला, कुणी स्वतःच्याच ट्रकचा आरसा. पण फोन करून विचारणारी तू पहिली. तुझी आजी असती तर तिनं सगळ्या चर्चला सांगितलं असतं.

टॅली : कौतुक घरी गेल्यावर. आता खाली उतरा.

वेंडेल : उतरतो. रिकामी आहे हे एकदा डोळ्यांनी बघ, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मग पेटीशेजारी ठेवू आणि निघू.

टॅली : नळी टेकडीकडे, आजोबा.

वेंडेल : मला शिकवतेस?

टॅली : हो.

वेंडेल : हं. हा नळीमागचा बोल्ट मागे ओढला. आता बघ, आत काही…

टॅली : आजोबा, तुमच्या बुटापाशी काय पडलं?

वेंडेल : थांब, वाकून बघतो.

टॅली : आजोबा.

वेंडेल : गोळी आहे.

टॅली : राहू द्या, मी उचलते. तुम्ही बोल्ट उघडाच ठेवा. परत एकदा आत बघा. बोट घालून बघा.

वेंडेल : आता नाही काही. टॅली, मी… मंगळवारी कुंपणापाशी कोल्हा आला होता. मी भरली. तो पळाला. मी काढली. काढली होती गं. मला आठवतंय, काढलेली.

टॅली : बसा इथे, गाडीच्या पायरीवर बसा.

वेंडेल : रोज सकाळी तू याच सीटवर बसून शाळेत जातेस.

टॅली : काही झालं नाही ना? इकडे बघा माझ्याकडे. काही झालेलं नाही.

(मागून शेरीफच्या पोलिसांची एक गाडी येऊन रस्त्याकडेला थांबते.)

जोलीन : मास्तर? गाडी बंद पडली की काय? लांबूनच ओळखली मी, मागचा दिवा अजून फुटकाच आहे.

टॅली : नमस्कार, डेप्युटी. आधीच सांगते, गाडीत माझी शॉटगन आहे, मागे पेटीत, रिकामी. आणि एक रायफल इथे, आजोबांच्या मांडीवर. बोल्ट उघडा आहे. माझे हात हे असे समोर आहेत.

जोलीन : अगं, मी जोलीन आहे! तुमच्याकडे शेळीचं पिल्लू न्यायला आले होते की. पण बरं केलंस. असंच सांगायचं असतं. माझे अर्धे दिवस हे एवढं कुणी सांगत नाही म्हणून वाया जातात. स्पर्धेला निघालात?

टॅली : हो.

जोलीन : मग इथे का थांबलात? आणि ही गोळी तुझ्या मुठीत कसली?

टॅली : ती… जमिनीवर सापडली.

जोलीन : जमिनीवर.

टॅली : हो. इथेच पडली होती.

वेंडेल : टॅली, गप्प बस. जोलीन, ती माझ्या रायफलीतून पडली. मी रिकामी म्हणून शपथ घेत होतो आणि ती आत होती. हिनं गाडी अडवून धरली नसती, तर भरलेली रायफल घेऊन मी हिला पलीकडे नेलं असतं.

टॅली : आजोबा, कशाला सांगताय?

वेंडेल : तू खोटं बोलायला लागलीस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही माझ्यासाठी. ते मला चालणार नाही.

जोलीन : मास्तर, तुम्ही पुलाच्या अलीकडे आहात. इथे मला लिहून घेण्यासारखं काही नाही. पलीकडे आमच्यासारखेच कुणीतरी उभे आहेत. स्पर्धेच्या दिवशी पुलाच्या तोंडाशीच असतात. त्यांनी तुमच्याकडे बघितलं नसतं. गाडी चालवणारीला उतरवलं असतं.

वेंडेल : कळलं.

जोलीन : मला बंदुकीचा पहिला धडा तुम्ही दिलात. एकदा नळी भलतीकडे वळवली म्हणून महिनाभर वर्गाबाहेर उभं केलंत. त्याच महिन्यात मी ठरवलं, पोलिसात जायचं. आज ही मुलगी बघून वाटतं, तुमचा वर्ग कुठेही कमी पडलेला नाही.

वेंडेल : तो माझा वर्ग नाही, जोलीन. मी सांगितलेलं तिनं माझ्यापेक्षा जास्त ऐकलं.

टॅली : जोलीनताई, ही रायफल आता न्यायची नाही. घरी परत गेलो तर पाळी चुकेल. ठेवाल तुम्ही?

जोलीन : ठेवते की. आण इकडे. गोळी पण दे. संध्याकाळी परतताना कचेरीत या मास्तर, घेऊन जा.

वेंडेल : संध्याकाळी नको.

जोलीन : मग उद्या मी गोठ्यावर आणून देते.

वेंडेल : उद्याही नको. ही अठराची झाली की हिला दे.

टॅली : काहीतरीच काय! ती तुमच्या वडिलांची आहे.

वेंडेल : म्हणूनच तुझ्या हातात जायला हवी. माझे हात विसरायला लागलेत, पोरी. कधीपासून, ते मला माहीत होतं. तुला कसं सांगायचं ते माहीत नव्हतं.

जोलीन : मास्तर…

वेंडेल : तू जा जोलीन, तुला कामं असतील. आणि माझ्याकडे असं बघू नकोस, मी काही मेलो नाही. आज मला माझ्या नातीचा इतका अभिमान वाटतोय की क्लाइडच्या घरासमोरून जाताना मी फक्त खिडकीतून ओरडणार आहे. तेवढ्याला तरी परवानगी आहे ना?

टॅली : ओरडा. गाडी थांबणार नाही.

वेंडेल : नको थांबवू. चावी लाव. पेटीचं कुलूप परत एकदा बघितलंस?

टॅली : नाही.

वेंडेल : मग जरा थांब. ते बघेपर्यंत पाळी गेली तरी चालेल.

टॅली : बघितलं, लागलेलं आहे. तुमचा पट्टा लावा, आजोबा. द्या, मी लावते.