मागच्या पानावरचं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय डॉ. पुरुषोत्तमकाका, आपल्या दिवाळी अंकाच्या संपादक मीनाक्षीकाकू, सत्कारमूर्ती यानुशकाका, त्यांचे जोडीदार मारेककाका, आणि बटाटेवड्यांच्या टेबलापाशी उभं राहून भाषण ऐकतोय असं दाखवणारे सर्व रसिकहो, नमस्कार.

मी श्रीरंग. गिरीश आणि सुमेधा मुजुमदार यांचा मुलगा. कॉलेज अर्धवट सोडलेला तो मीच. का सोडलं, ते इथे माझ्यापेक्षा बाकीच्यांनाच जास्त माहीत आहे.

शिकागोजवळच्या या शॉमबर्गमधल्या आपल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक वर्षानुवर्षं यानुशकाकांच्या प्रेसमध्ये छापला गेला. आता प्रेस बंद करून ते पोलंडला परत चाललेत. मघाशी दिलेल्या मानपत्रात त्यांना 'मुद्रक व समाजसेवक' म्हटलंय. कोणत्या समाजाचे, हे लिहायला बहुधा जागा पुरली नसावी. मी सांगतो.

यानुशकाका गे आहेत, आणि उभी हयात त्यांनी गे माणसांसाठी मासिक चालवलं. सुरुवात पोलंडमध्ये, ग्दान्स्कमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या किचनमध्ये, कम्युनिस्ट राजवटीत. लिहिणारे सगळे टोपणनावाने. मागच्या पानावर खरं नाव एकट्या काकांचं, घरच्या पत्त्यासकट. मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण पत्ता नसेल तर वाचक उत्तर कुठे पाठवणार?"

त्या पत्त्यावर आधी पोलीस आले. बाकीच्यांची नावं द्या म्हणाले. काकांनी चहा दिला, नावं दिली नाहीत. स्वतःचं नाव मात्र नीट स्पेलिंग सांगून लिहून घ्यायला लावलं. नाव छापायचं ते स्वतःचं, दुसऱ्याचं कधीच नाही, हा त्यांचा नियम. त्या नियमापायी नोकरी गेली, आणि ते शिकागोला आले.

इथल्या पोलिश लोकांसाठी मासिक पुन्हा सुरू झालं. ते कायम तोट्यात. तो भरून निघायचा लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं आणि आपला दिवाळी अंक छापून. म्हणजे मीनाक्षीकाकू, तुमच्या चिरोट्यांच्या रेसिपीने या चळवळीला हातभार लावलाय. मंडळाला न विचारता. अभिनंदन.

कॉलेज सोडल्यावर मी काकांकडे कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात एका माणसाने फोनवर मासिकाला घाण शिव्या दिल्या. माझं डोकं सटकलं, मी सव्याज परत केल्या. काका म्हणाले, "श्री, तो आपला जुना वर्गणीदार आहे. शिव्या देता याव्यात म्हणून पूर्ण अंक वाचतो. त्याला तोडू नकोस."

आता मुद्द्यावर येतो. पुरुषोत्तमकाका, घड्याळ बघू नका, प्लीज.

गेल्या दिवाळी अंकात एक प्रेमकविता होती. कवी, 'एक वेडा'. तो वेडा मी, हे मीनाक्षीकाकूंनी ओळखलं. कविता आपल्या मंडळातल्या अंतरासाठी आहे, असंही ओळखलं, आणि अंतराच्या आईला फोनही केला. अंतरा, सॉरी यार.

यानुशकाकांना मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही. प्रूफ बघताना त्यांनी कवितेखाली बोट ठेवलं. "हे नाव आहे?"

"टोपणनाव."

"का? इथे पोलीस येतात?"

"नाही काका. मीनाक्षीकाकू येतात."

ते इतके हसले की मशीन थांबवावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "ठीक आहे. पण मग उत्तर कुठे येणार?"

तेव्हापासून तो प्रश्न माझा पिच्छा सोडत नाहीये. म्हणून आज सांगतो. ती कविता एका मुलासाठी आहे. त्याचं नाव मी घेणार नाही, नियम आत्ताच सांगितला. त्याला माझ्याबद्दल काय वाटतं, मला खरंच माहीत नाही.

आई, बाबा, हे घरी सांगायला हवं होतं. पण घरी माझं वाक्य तुम्ही कधी पूर्ण होऊ देत नाही, आणि तुमचं मी. इथे माईक माझ्याकडे आहे. बाबा, उभे राहिलात तरी चालेल, फक्त जाऊ नका.

थँक यू, बाबा.

यानुशकाका, मारेककाका, तुम्ही ग्दान्स्कच्या त्याच पत्त्यावर राहायला चाललात, याचा मला फार आनंद आहे. दाराशी या वेळी फक्त पाहुणे येवोत. मंडळाने मला बोलू दिलं, त्याबद्दल आभार. बोलताना काही जास्त झालं असेल तर पदरात घ्या. कमी मी काही ठेवलेलं नाही.

आता फक्त मागचं पान राहिलं.

श्रीरंग गिरीश मुजुमदार. मुक्काम, आईबाबांचं बेसमेंट, शॉमबर्ग, इलिनॉय. बेल बिघडलेली आहे. दार वाजवावं.