हळदीला गेलेले वकील

धसईहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. पुढच्या सीटवर नवरा-बायको वकिलाकडे निघाले होते.

"वकिलाला सगळं खरं सांगा. हळदीला दारू प्यायलात, तशीच गाडी चालवलीत, पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं."

"महेंद्र वकिलाला काय सांगायचं? हळद त्याच्याच भावाची व्हती. गाडीत माज्या बाजूलाच बसलेला."

"म्हंजे तो पण प्यायलेला?"

"माज्यापेक्षा जास्त. पोलिसाला कायदा शिकवत व्हता, म्हनून तर केस झाली."

"अगो बाई! लायसन गेलं तर शाळेची गाडी बंद. मंग खायाचं काय? दुसरा वकील बघा."

मी बाळाला जरा घट्ट धरलं.

"वळखीचे दुसरे दोघं वकील त्याच गाडीत मागच्या शिटवर व्हते."

"मंग शहापूरचा बघा! तो तर नव्हता ना गाडीत?"

"नाय. पन तो नवरीचा मामा."

"मंग काय झालं?"

"लगीन ठरवताना त्याला सांगितलंय गो, मुलाकडचं कोनी दारूला शिवत नाय."

"असं कोनी सांगितलं?"

"मीच. सोयरीक मीच जुळवली ना!"