सुलभाच्या डिप्लोमाचा कौल

तुम्ही करिअर गायडन्सचं काय सांगता, मी तर ते देवीला करताना पाहिलंय! गोवा राज्य झालं तेव्हा आमच्या हायस्कुलात दहावीच्या मुलांना पुढची वाट दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. शिरगावची सुलभा म्हणाली, “सर, मला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय.” तिचे बाबा खनिजाचे ट्रकवाले. ते म्हणाले, “मास्तर, देवी सांगतली तशें.”

मग सुलभा, तिचे आईबाबा आणि मी कौल लावायला देवळात गेलो. भटजींनी मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पडली डावी! माझा चेहराच उतरला. बाबा खुशीत म्हणाले, “जालें! आता शिवणकाम शीक.”

सुलभा जागची हलली नाही. “बाबा, पहिला ट्रक घेताना कौल लावला होता ना? तेव्हा कुठली पडली होती?”

बाबा एकदम समईची वात सारखी करायला लागले. मागून तिच्या आईचा आवाज आला, “डावी. आणि आता दारात ट्रकांची रांग आहे.”

परतताना बाबा ट्रक चालवत होते. डिचोली आल्यावर हळूच म्हणाले, “मास्तर, त्या डिप्लोमात डिझेल इंजिन शिकयतात मूं?”