पुढच्या खोलीतलं नेट

नाही नाही, पॅसेजमध्ये नाही लावायचं, पुढच्या खोलीत लावायचंय — दारातच सांगितलं ना मी तुम्हाला. पॅसेज तुम्हाला सोयीचा, कळतंय मला, वायर आत आली की तिथल्या तिथे खोका ठोकून मोकळे. पण काम कुठे बसून करायचंय माणसाने? त्या टेबलावर, खिडकीशी. मग राउटर कुठे पाहिजे? टेबलाच्या वर. यात न समजण्यासारखं काय आहे? भिंत जाड आहे, माहीत आहे मला भिंत जाड आहे. तुमचे ते चष्मेवाले आले होते पहिल्यांदा, त्यांनी भिंतीवर टकटक केलं, म्हणाले बाई, भिंत जाड आहे, माझं ड्रिल लहान आहे, आणि गेले. दुसरे आले ते मोठं ड्रिल घेऊन आले — वायर विसरले. तिसऱ्यांकडे ड्रिल होतं, वायर होती, सगळं होतं, तर खांबावरच्या डब्यात जागा नाही म्हणे. मग करा जागा. तर म्हणाले, खांबावरचं काम आमचं नाही, आमचं घरातलं. मी त्यांच्या मागोमाग खांबापर्यंत गेले, रस्त्यात उभी राहून भांडले, येणारे-जाणारे बघत होते. अहो, मी सगळी नोकरी इस्पितळाच्या लाँड्रीत केली, शेवटी तर मीच सांभाळत होते ती — वॉर्डात चादरी कमी पडल्या तर मी कधी असं सांगितलं का, की धुणं आमचं आणि वाळवणं दुसऱ्या कुणाचं? चादर मिळायची पेशंटला. तुम्ही चौथे. बसा, पाणी घ्या, पण आज हे झाल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

कोण वापरणार म्हणजे? सून वापरणार. मला काय करायचंय त्याचं, माझा फोन अजून बटणांचा आहे. सून विमा कंपनीत आहे, लोकांचे दावे तपासते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. त्यांचं ऑफिस आता हलतंय, दुसऱ्या शहरात. ज्यांच्या घरी नेट चांगलं आहे त्यांनी घरून काम करा, बाकीच्यांनी तिकडे या, असं आहे म्हणे. जेवताना सांगितलं तिने. आमच्याकडे मोबाइलच्या नेटवर काय होणार — खिडकीच्या गजाला नाक लावून उभं राहिलं तर कुठे एखादा फोटो उघडतो. मी म्हटलं, एवढंच ना? मग नेटच आणू. ती ताटं उचलायला लागली. ती कमीच बोलते. नंतर प्रत्येक वेळी तुमचा माणूस हात हलवत परत गेला की म्हणायची, राहू द्या आई, नका त्यांच्या मागे लागू. तिला वाटतं मला त्रास होतो. होतोच आहे त्रास, पण म्हणून सोडून द्यायचं का?

थांबा, टेबलावर चादर टाकते, मग पाडा भोक. टेबल नवीन आहे. ही खोली माझी होती, माझा पलंग इथे होता, खिडकीखाली. मागे हलवला. मागच्या खोलीत जरा अंधार आहे, पण मला काय, मला कुठेही झोप लागते. तिला उजेड लागतो, डोळ्यांचं काम. खुर्चीसुद्धा पाठीला टेकण असलेली आणली, बघा बसून — बरं, नका बसू, तुमचे कपडे धुळीचे आहेत.

काय म्हणालात? साहेब? कुठले साहेब? हां — मुलगा. तो नसतो इथे. कामासाठी बाहेर असतो. तिकडेच असतो आता. म्हणजे त्याचं घरच तिकडे आहे. बायको आहे तिकडे — हो, बायको. या दोघांचं सुटलं, रीतसर, कोर्टातून, मग त्याने दुसरं केलं. तुम्ही ड्रिल धरून थांबलात का? चालू द्या ना. हे सांगितलं की लोक असेच थांबतात, हातातलं काम हातात ठेवून. मग ही कोण, म्हणतात. कोण म्हणजे? सूनच. तो गेला, ती राहिली. तेव्हा माझा हात मोडलेला होता, तिचा भाऊ तिला न्यायला आला, तर ती म्हणाली आईंचं प्लास्टर निघेपर्यंत थांबते. प्लास्टर निघालं. ही थांबलीच. मी विचारलं नाही कधी, किती दिवस थांबणार म्हणून. असं विचारतं का कुणी? विचारलं की माणूस विचार करायला लागतो. त्यापेक्षा सकाळी दोन कप चहा टाकायचा, एक तिच्या हातात द्यायचा, झालं. मुलगा फोनवर म्हणतो, आई, तिला अडकवून ठेवलंयस तू. मी अडकवलंय? दाराला कुलूप लावते का मी? उलट खोली दिली माझी.

आला का हिरवा दिवा? आला. बघा, भिंत जाड, भिंत जाड करत होते सगळे. आता काय राहिलं? आकडे? कुठले आकडे? माझ्या फोनवर नाही येणार, नेटसाठी नंबर मी तिचा दिलाय, माझा नुसता बोलण्यापुरता. नाही, तिला माहीत नाही तुम्ही आज येणार ते. संध्याकाळी आली की चालूच दिसावं, असं होतं माझ्या मनात. आकड्यांशिवाय होत नाही? काहीच नाही होत? बरं, थांबा, लावते तिला.

हॅलो — अगं मीच. जेवलीस का? बरं, ऐक, तुझ्या फोनवर आत्ता आकडे आले असतील बघ, ते सांग. कसले म्हणजे, नेटवाले आलेत. खरंच आलेत, समोर उभे आहेत, दिवासुद्धा लागलाय, नुसते आकडे टाकायचे. हॅलो? — ऐकू येतंय ना? मग बोल ना. — नाही, संध्याकाळी कशाला, हे काय संध्याकाळपर्यंत बसणार आहेत इथे? आत्ता सांग काय ते. — हं. — कधी? — तू कधी सांगितलंस त्यांना? — अगं पण आता नेट आलंय ना. त्यांना कळव की आलंय म्हणून. यांना देऊ का फोन? हे सांगतील तुला किती जोरात चालतंय ते. — हं. — हं. — नाही, रागावले नाही, माझा आवाज असाच आहे. — बरं. — हो. ठेवते.

बसते जरा. नाही, पाणी नको.

ती हो म्हणून बसलीये, तिकडे जायला. तुमचे ते चष्मेवाले आले ना, त्याच्याही आधी सांगितलंय तिने ऑफिसात. म्हणजे मी तिथे खांबाखाली उभी राहून भांडत होते तेव्हा हिचं सगळं ठरलेलं. राहायला जागासुद्धा बघितलीये, ऑफिसातली एक मैत्रीण आहे, दोघी मिळून राहणार. सांगणार होते, म्हणाली, पण तुम्ही टेबल आणलंत. मग खुर्ची आणलीत. मी म्हटलं, नेट असतं तर गेली नसतीस, तर म्हणाली — आई, नेट नाही म्हणून नाही चाललेय मी. मला जायचंय. असं. आवाज चढवला नाही, काही नाही. मला जायचंय. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं हो, मला अमुक पाहिजे, मला तमुक करायचंय. भाजी कुठली करू विचारलं तर कुठलीही चालेल. पडदे कुठल्या रंगाचे आणू, तर तुम्हाला आवडतील ते. मला वाटायचं, सुखात आहे म्हणून असं म्हणते. आणि आज तुमच्यासमोर, भर दुपारी — तुमच्यावर तरी चिडले असते मी. पण तुमचं काम नेमकं आजच सरळ झालं.

आकडे? सांगितले तिने. ठेवायच्या आधी सांगितले, एकेक करून, दोनदा. मी ऐकले नाहीत. ती सांगत होती आणि मी ऐकत नव्हते. नाही, परत नाही लावायचा फोन, तिला काम आहे. आणि कुणाच्या नावाने चालू करायचं ते? तुम्ही निघा. खोका राहू द्या वर, आता काढायला नको, परत तेवढीच धूळ. हो, उद्या तुमच्या ऑफिसला सांगेन काय ते, किंवा नाही सांगणार. अहो, तुमची नाही तक्रार करत मी, तुम्ही चांगलं केलंत काम. सेवेबद्दल समाधानी आहात का, म्हणून फोन येईल ना मला — आहे म्हणेन. या आता.