रिकाम्या गावातली दवंडी

न्हाई मॅडम, पंख्याखाली बसा, हितं — अन् लिवा, सगळं लिवा. भिमाजी माझा चुलतभाऊ म्हनून हात आखडू नका, भावकी गेली खड्ड्यात. सरपंच झाला अन् सरकारी डेअरी गिळली त्यानं, ती त्याच्या नरड्यातनं भाईर काढायचीय मला. कशी गिळली? सांगतो की. आमच्या बाया रोज किटल्या घिऊन तितं उभ्या ऱ्हायच्या, टाकीत दूध गार व्हायचं, टँकर यायचा, चार घरं चालायची. सरकार म्हनलं परवडंना, इका. इका म्हनलं तरी गुपचूप इकता येतं का? गावात दवंडी द्यावी लागती, लोकान्ला हरकत घ्यायला महिना द्यावा लागतो — तेच तपासायला तर तुमी आलाय. लिवा मंग, गावाला काय बी कळलं न्हाई. लिलावाला बोली लावनारा भिमाजी एकटा, अन् आता ती जागा लोनावळ्याच्या हॉटेलवाल्याला द्यायचं घाटतंय.

अन् दवंडी कवा दिली म्हाईतीय? त्याच्या आईच्या दहाव्याला. म्हातारी लय मानाची, आख्खं गाव इंद्रायणीवर, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेलं — अन् हिकडं रिकाम्या आळीतनं दवंडीवाला कान्हू डफडं बडवीत फिरतोय. सोताच्या आईचा दहावा वापरला मॅडम, लाज न्हाई वाटली त्याला. कान्हूला बोल लावू नका, गरीब मानूस, सांगितलं तसं वरडला — ऐका हो ऐका, डेअरीची जागा, इमारत, टाकीसकट — तोंडात तंबाखू, शब्द धड फुटंना, तरी पारापाशी दोनदा वरडला, आमच्या दारात तर —

काय? मी कुटं होतो तवा?

मी घरीच होतो. दहाव्याला कशाला जातोय मी? यात्रेतल्या शर्यतीला माझा गाडा जुंपून तयार, अन् ह्याच भिमाजीनं माझी बारी रद्द केली — समद्या मावळासमोर बैलं सोडून माघारी आनली मी, लोकं हसत होती. त्याच्या आईच्या पिंडाला जाऊन बसू?

बरं, व्हय, ऐकली दवंडी. मी एकट्यानं ऐकली. पन गप का ऱ्हायलो ते बी लिवा. सांजच्याला लोकं माघारी आली, तवा सांगितलं असतं तर समद्यांनी हरकत घेतली असती, डेअरी वाचली असती — अन् तो? तो हात जोडून मोकळा झाला असता. मला तो तसा नको होता. गिळू दे आधी, मंग नरडं धरू. महिनाभर रोज त्याच्या दारावरनं जायचो, रामराम घालायचो, अन् घरी यिऊन पोटभर जेवायचो. एवढी गोड भाकरी जन्मात लागली न्हवती मला.

काय लिवताय? वाचा बरं — दवंडी गावात ऐकू आली, मुदतीत हरकत न्हाई. असं न्हाई ते, मॅडम. गाव रिकामं होतं, ते लिवलंत का? लिवलंय... मंग? एक मानूस पुरतो व्हय? म्हंजे दवंडी ऐकली म्हनून सांगनारा भिमाजीला कुनी घावत न्हवता, अन् मी —

न्हाई. सही न्हाई करायचा मी. खोडा ते. खोडता येत न्हाई तर जावा तुमी, उठा, चा घेतला तेवढा पुरं. अन् वाटंला डेअरीपाशी बाया भेटतील, इचारतील तुमास्नी. त्यास्नी एवढंच म्हना — ह्या सोपाननानाला काय बी म्हाईत न्हवतं.